सहा इंची डॉब दुर्बीण, दोन जिने आणि पुण्यातल्या वारज्याचं आकाश : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

धूमकेतूच्या नादाने दुर्बीण मागवली आणि ती दारात आली तोवर धूमकेतू निघून गेला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिन्शान-ॲटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. रोज कोणी ना कोणी फोटो पाठवायचं आणि मी फोनवर दुर्बिणींच्या किमती बघत बसायची. खोकं आलं ते वसुबारसेला. पुढचे पाच-सहा दिवस फटाक्यांचा धूर. त्यामुळे माझ्या दुर्बिणीतून मी पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे समोरच्या इमारतीतल्या पाचव्या मजल्याचा आकाशकंदील. तोही उलटा.

तेव्हापासून आता २०२५ च्या आषाढापर्यंत ती वापरली. घेऊ का नको या विचारात असलेल्यांसाठी लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या मापाचे डॉब बहुतेक एकाच घडणीचे असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही नावाला लागू पडेल. १५० मिमी आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर, सोबत २५ आणि १० मिमीच्या दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग). पहिलीने ४८ पट दिसतं, दुसरीने १२० पट. किंमत तेव्हा तीस हजारांच्या थोडी आत.

डॉब म्हणजे डॉब्सोनियन. लांब नळी आणि खाली तोफेच्या गाड्यासारखा लाकडी पाया. वर-खाली करा, गोल फिरवा, संपलं. ट्रायपॉड नाही, मोटर नाही. जॉन डॉब्सन हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ पासून तेवीस वर्षं संन्यासी होता. टाकाऊ काच, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूड असं काहीबाही जमवून तो दुर्बिणी करायचा आणि त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवायचा. त्या पायी शेवटी मठ सुटला. ही हकीकत वाचली आणि दुसऱ्या कुठल्या दुर्बिणीकडे मन वळेना. (त्याच १९४४ साली आपल्या पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. टिळक स्मारक मंदिरात त्यांचं ठिकाण आहे. पैसे खर्च करण्याआधी त्यांच्या एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन दोन-तीन दुर्बिणींना डोळा लावून या. मी गेले नाही. जायला हवं होतं.)

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जिना. आमची लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबते. गच्ची त्यावर दोन जिने. आमच्या वजनकाट्यावर नळी साडेसहा किलो भरली आणि पाया नऊ. वजन फार नाही, पण नळी सव्वा मीटर लांब आहे आणि जिन्याच्या वळणावर ती कठड्याला लागू नये म्हणून बाळाला घेतात तशी घ्यावी लागते. म्हणजे दोन खेपा, त्यात गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आणायची, ती परत करायची. पहिल्या पंधरा दिवसांत मी आठ वेळा वर गेले. पुढच्या पंधरा दिवसांत एकदा. आभाळ निरभ्र असायचं, स्वयंपाकघर आवरून झालेलं असायचं, आणि तरी सोफ्यावरून उठवत नसे. दुर्बीण कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघायची.

डिसेंबरात सेक्रेटरींना गाजराच्या हलव्याचा डबा दिला आणि पाया लिफ्टच्या मशीनरूमला लागून ताडपत्रीखाली ठेवायची परवानगी मिळवली. किल्लीची एक प्रतही. एवढं झाल्यावर वापर एकदम वाढला. आता नळी काखेत मारली की सात मिनिटांत डोळा आयपीसला. दुकानात आठ इंची बघून मोह होतो, मलाही झाला होता. पण आधी तुमचा जिना मोजा. आठ इंचीची नळी माझ्याने वळणावर वळली नसती.

दुसरी गोष्ट कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत असणं. माझी दुर्बीण आली तीच बिघडलेल्या अवस्थेत, आणि नवख्या माणसाला हे कळतच नाही. महिनाभर गुरू मला थुलथुलीत दिसत होता, तव्यावर सरकलेल्या धिरड्यासारखा. विक्रेत्याला फोन केला. “मॅडम, शहरात असंच दिसतं,” म्हणाला. मी पुण्याच्या हवेला शिव्या घालत राहिले. मग एका रात्री व्याधाचा तारा मुद्दाम फोकसबाहेर नेला. जिलेबीसारखं गोल कडं दिसलं, पण मधलं काळं भोक एका बाजूला सरकलेलं. ते मधोमध हवं. जुन्या फिल्म-रोलच्या डबीच्या झाकणाला बरोबर मध्ये भोक पाडलं, ते फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसवायच्या नळकांड्यात, बसवून आत पाहिलं, आणि दुय्यम आरशाचे तीन स्क्रू पाव-पाव आटे फिरवत एक अख्खा रविवार घालवला. त्या रात्री गुरूवर दोन पट्टे दिसले. स्वच्छ, रुळासारखे दोन पट्टे. दुर्बीण तीच, गच्ची तीच.

गुरू तेव्हा रोहिणीजवळ होता, ७ डिसेंबरला प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. लोक बघतात आणि म्हणतात, “एवढासाच?” हिशेब करून पाहिला: १२० पटीत गुरूची चकती, नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याच्या तिप्पट मोठी असते. तरी काळ्या भोवतालात ती हरभऱ्याएवढीच वाटते. डोळ्याला मोठं दिसायचीही सवय लावावी लागते. पहिल्या मिनिटाला एक पट्टा दिसतो, पाचव्या मिनिटाला दोन, आणि दहाव्या मिनिटाला हवा क्षणभर थांबली की पट्ट्याची कड फाटलेली असल्याचं जाणवतं. चारही चंद्र मात्र ४८ पटीत लगेच दिसतात. जेवायच्या आधी एकदा पाहा आणि जेवणानंतर परत. त्यांतला आयो तोवर सरकलेला असतो.

१२० पटीत पृथ्वी किती भरभर फिरते तेही कळतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात ग्रह कडेला जातो आणि नळी बोटाने ढकलावी लागते. आमची गच्ची चायना मोझॅकची, पाणी निघायला उतार दिलेली, त्यामुळे पाया तिरका व्हायचा आणि नळी आपोआप वळायची. एका पायाखाली दोन पुठ्ठे. मधला बोल्ट घट्ट होता, त्याखाली एक जुनी सीडी सरकवली. आता लोण्यासारखं फिरतं. सीडीवर लेकीच्या बारशाचे फोटो होते, ते आधी उतरवून घेतले.

१७ जानेवारीला संकष्टी होती. आदल्याच दिवशी सकाळी इस्रोने स्पेडेक्सचे दोन उपग्रह अवकाशात जोडले होते, असं करणारा भारत चौथा देश ठरला. आणि नेमका त्याच दिवशी मंगळ प्रतियुतीत होता. संध्याकाळी लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, “तुमच्या दुर्बिणीतून ते जोडलेलं दिसेल का हो?” नाही दिसत. पण चंद्र बघायला या म्हटलं. कोथरूडच्या इमारतींवर चंद्र यायला पावणेदहा वाजले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ताम्हन आणि मोदक घेऊन वर आल्या, चंद्राला ओवाळलं, मग पदर सावरून डोळा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, “अगं, हा तर देवीचे व्रण असल्यासारखा दिसतो,” आणि लगेच, “पण उलटा का?” आरशांच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे त्यांना पटलं नाही, नैवेद्य उलट्या चंद्राला पोचला की सुलट्याला, असा त्यांचा प्रश्न होता. मग नळी वळवून पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारचा मंगळ दाखवला. नारिंगी बटण, एका कडेला पांढरा कण. तो ध्रुवावरचा बर्फ. “अंगारक संकष्टीला भेटला,” काकू खूश. वार शुक्रवार होता, नाहीतर अंगारकी म्हणून पूर्ण सोसायटी वर आली असती.

चंद्र बघायचा तर संकष्टीपेक्षा शुद्ध अष्टमी-नवमी चांगली. पौर्णिमेला तो पिठाच्या गोळ्यासारखा सपाट दिसतो, कारण विवरांच्या सावल्याच नसतात. अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर टॉलेमस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक उभी राहतात. नवमीला कोपर्निकस, ९३ किमी रुंद, म्हणजे इथून जवळपास लोणावळ्याच्या पुढपर्यंत. मी परदेशी ॲपपेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय जास्त वापरते. तिथीच सांगते आज चंद्र बघायचा की चंद्र नको म्हणून बाकीचं बघायचं.

बातम्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण निम्मे लोक बातमी वाचूनच दुर्बीण घेतात. मीही. जानेवारी-फेब्रुवारीत “सात ग्रह एका रांगेत”चे फॉरवर्ड सुरू झाले, सोबत लिंबाएवढे ग्रह माळेत ओवल्यासारखं चित्र. ग्रह एका पट्ट्यातच असतात, कारण सगळे जवळपास एकाच पातळीत सूर्याभोवती फिरतात. त्यात नवल नाही. बुध आणि शनी तर संधिप्रकाशात बुडालेले होते. मग २०२४ वायआर४ हा लघुग्रह आला. डिसेंबर २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि घरच्या ग्रुपवर “आता काय करायचं?” सुरू झालं. ती चढणं साहजिक असतं. मार्गाचा अंदाज अरुंद होत जातो आणि पृथ्वी अजून त्या पट्ट्यात असेल तर टक्का वाढतो. पट्टा बाजूला सरकला की एकदम कोसळतो. आठवड्याभरात तो कोसळला. ते मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि या सगळ्या गदारोळात जे खरोखर बघण्यासारखं होतं त्याची बातमी कुणीच दिली नाही. १ मार्च, फाल्गुन शुद्ध द्वितीया. बायपासच्या दिव्यांवर बीजेची कोर आणि तिच्या वर शुक्र. नळी शुक्राकडे वळवली तर आत दुसरी कोर! शुक्र तेव्हा पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये येत चालला होता, त्यामुळे त्याचा थोडासाच भाग उजळलेला. आणि जवळ असल्याने ४८ पटीत ती कोर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राहून किंचित मोठी. माझी लेक आयपीसमधून डोळा काढून वर बघायची, परत आत बघायची. “आई, तू चंद्रावरच लावलीयेस.” तिला नळीच्या दिशेने हात धरून दाखवावं लागलं. गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्याला उमगलं, हे शाळेत मी पाच मार्कांसाठी लिहिलं होतं.

शनीने निराश केलं, त्यात त्याचा दोष नाही. नोव्हेंबरात कडी जवळजवळ आडवी होती, मण्यातून सुई ओवल्यासारखी. पुढची काही वर्षं ती हळूहळू उघडत जातील.

तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका यांसाठी शहराच्या उजेडातलं वारजं कामाचं नाही. मृगातला तेजोमेघ दिसतो, आतले चार चिमुकले तारेही दिसतात, पण देवयानी दीर्घिका म्हणजे नुसती काचेवरची फुंकर. फोटोतले गुलाबी-जांभळे रंग कुठेच दिसणार नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, सगळं राखाडी. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर हबलचा फोटो असतो.

म्हणून पाडव्याच्या आदल्या रात्री, २९ मार्चच्या अमावास्येला, नळी मागच्या सीटवर आडवी बांधून वेल्ह्याला नणंदेच्या शेतावर गेलो. रात्री दीडच्या सुमारास दक्षिणेला, डोंगराच्या वर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. पुण्याच्या अक्षांशावरून तो जेमतेम २४ अंश वर येतो. नुसत्या डोळ्यांना पुसट तारा, ४८ पटीत सांडलेली रांगोळी. सुमारे एक कोटी तारे, १७ हजार प्रकाशवर्षं दूर. इंग्रजी व्हिडिओंमध्ये याचं नावही फारसं येत नाही, कारण लंडनहून तो उगवतच नाही. ते लोक ध्रुवाजवळचं काय काय बघायला सांगतात. आमच्याकडे ध्रुव साडेअठरा अंशांवर, पाण्याच्या टाकीमागे. अगस्त्य मात्र जानेवारीत सिंहगडाच्या टॉवरच्या लाल दिव्यांच्या डावीकडे, चांगला वर, झकास चमकतो. तुमच्या अक्षांशाचं आकाश बघा, त्यांच्या नाही.

बारीकसारीक: फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) प्लास्टिकचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात तुटला, बदलून मागितला तर “वॉरंटीत बसत नाही”. तुळशीबागेतून आणलेल्या केसांच्या रबराने आजतागायत तो धरून ठेवला आहे. बार्लो फुकट. २४० पटीत पुण्याच्या हवेत ग्रह उकळतात. दुर्बीण वर नेल्यावर अर्धा तास नुसती ठेवा, आरसा गार होऊ दे. बसायला उंच स्टूल घ्या. कंबर आयपीसहून महाग आहे. दुसरा खर्च करायचाच तर १५ मिमीची एक बरी आयपीस, बाकी काही नाही.

आता पावसाळा. नळीच्या दोन्ही तोंडांना शॉवर कॅप, आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. बुरशी एकदा काचेला लागली की गेलीच. पाया खाली आणला. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, अकरानंतर खग्रास स्थिती, पण भाद्रपदात पुण्यात ढगांचं काय सांगावं.

पाया खाली आणायला वॉचमनमामांनी हात लावला. ते बीडकडचे. हिवाळ्यात एकदा त्यांना दुर्बिणीतून कृत्तिका दाखवल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला उत्तरेकडची बाज आणि ती ओढणारे तीन चोर दाखवले होते. सप्तर्षींना त्यांच्याकडे तसंच म्हणतात. जिन्याच्या वळणावर पाया टेकवून ते म्हणाले, “ताई, आमच्या गावाकडं न्या की ही. तिथं जिना नाही.”