खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फिल्टर: घरी बनवायचा की विकत आणायचा?

गेल्या महिन्यात ठाण्याचा भाचा आला, आल्या आल्या माझ्या टाकीखालचं कपाट उघडून बसला आणि म्हणाला, मामा यातलं तू बनवलंयस किती आणि विकत आणलंयस किती? मोजायला गेलो तर निम्मं-निम्मं निघालं. त्यालाही आता ३ फुटी टाकी लावायचीय, ३ बाय दीड बाय दीड, एक क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी म्हणजे तळाशी राहणारा छोटा मासा, पुढे जमलं तर अजून काही. बजेट मात्र नवीन नोकरीवाल्याचं. त्याला जे तीन तास चहा पीत सांगितलं तेच इथे टाकतोय, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे कंटाळा आला तर इथेच थांबता येईल. ज्यात काही फिरत नाही, म्हणजे काचेचा डबा, पाइप, जाळी, ते सगळं घरी बनवा. ज्यात मोटर फिरते ते विकत घ्या. स्किमर, म्हणजे फेस काढून त्यासोबत घाण बाहेर टाकणारं यंत्र, हा बरोबर या दोघांच्या मधोमध बसतो, म्हणून भांडणंही सगळ्यात जास्त त्याच्यावरच होतात.

पहिला निर्णय कॅनिस्टर की संप. संप म्हणजे खालच्या कपाटातली दुसरी छोटी टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं. गोड्या पाण्याची टाकी ठेवलेली माणसं सवयीने कॅनिस्टरकडेच जातात, बंद डबा, दोन नळ्या, आवाज नाही, बायको खूश. खाऱ्या पाण्यात त्याची अडचण अशी की आत अडकलेली घाण तुम्ही काढत नाही तोवर ती पाण्यातच सडत राहते आणि नायट्रेट, म्हणजे घाण कुजून शेवटी बनतं ते, चढत जातं, आणि खरं सांगा, महिन्यातून दोनदा कॅनिस्टर उघडून कोण धुतं? मी नाही धुतला. दुसरं म्हणजे लाइट गेली की बंद डब्यातल्या बॅक्टेरियाचा ऑक्सिजन संपतो, चार-सहा तासांनी लाइट आल्यावर तो डबा पहिलं काम काय करतो तर आतलं कुजकं पाणी टाकीत ढकलतो. गावाकडे भारनियमन असेल तर हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. संप उघडा असतो, हवा लागते, आत काय चाललंय ते दिसतं, शिवाय हीटर, स्किमर, थर्मामीटर सगळी अडगळ खाली जाते आणि वरची टाकी टाकीसारखी दिसते. पण संप घर भिजवू शकतो, त्यावर खाली येतोच.

संप बनवायला अवघड काही नाही. काचवाल्याकडून काच कापून आणा, कडा घासून घ्या, आणि सिलिकॉन घेताना तेवढं बघा की व्हिनेगरसारखा वास येणारं साधं असावं, बाथरूमसाठीचं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध माशांना चालत नाही. चिकटवून झालं की निदान तीन दिवस हात लावू नका, वास पूर्ण गेला की मगच पाणी. जुनी टाकी वापरणार असाल तर जुनं सिलिकॉन ब्लेडने शेवटच्या कणापर्यंत खरवडा, जुन्यावर नवं धरत नाही. आतमध्ये तीन कप्पे, पाणी पडतं तो, मधला स्किमरचा, आणि शेवटचा रिटर्न पंपाचा, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाचा. शेवटच्या दोघांच्या मध्ये इंचभर अंतरावर तीन पट्ट्या लावायच्या, पाणी एकीवरून, दुसरीच्या खालून, तिसरीवरून जातं, आणि त्यात बुडबुडे वर निघून जातात, नाहीतर वरची टाकी सोडावॉटर दिसते.

पहिल्या कप्प्यात लोक महागडे फिल्टर सॉक्स, म्हणजे गाळायच्या कापडी पिशव्या, लावतात. मी गादीवाल्याकडून पॉलिएस्टर फायबर आणतो, उशीत भरतात तो, मूठभर टाकायचा आणि तीन-चार दिवसांनी फेकायचा. फेकायचा म्हणजे फेकायचाच, धुऊन परत लावायचा काटकसरीपणा इथे करू नका, तसाच ठेवला तर त्याचाही कॅनिस्टरच होतो.

आता हिशोब, आणि हा वहीत लिहून ठेवा. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली तर जवळजवळ ४ लिटर पाणी खाली येतं. माझा संप ६० बाय ३० बाय ३५, म्हणजे काठोकाठ ६३ लिटर, आणि चालू असताना २० सेंटिमीटर पाणी, म्हणजे ३६ लिटर. राहिली २७ लिटरची जागा. मी पहिल्यांदा जोडला तेव्हा रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर ठेवलं होतं, दिसायला छान दिसत होतं. दुपारी लाइट गेली, नळी उलटी सायफन झाली आणि तोंड उघडं पडेपर्यंत ४० लिटर पाणी खाली आलं. २७ ची जागा, ४० लिटर पाणी. उरलेलं हॉलमध्ये, आणि हॉलमधून खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला. खारं पाणी होतं त्यामुळे डाग वाळल्यावर वर पांढरी मिठाची किनारही आली. त्यानंतर तोंड पाण्याच्या जेमतेम खाली ठेवतो आणि नळीला पृष्ठभागाजवळ एक छोटं भोक पाडलंय, हवा शिरली की सायफन तुटतो. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्ववर विसंबू नका, त्यात एक शंख जरी अडकला तरी संपलं.

वरून पाणी खाली आणायला दोन मार्ग. एक, टाकीला भोक पाडून ओव्हरफ्लो, दोन, काठावर टांगायचा सायफनवाला डबा. टांगायचा घरी पीव्हीसी पाइपने अर्ध्या दिवसात बनतो आणि भाच्याला तोच आवडला, पण सायफन तुटला की पंप वर पाणी चढवतच राहतो आणि यावेळी पूर वरच्या टाकीतून येतो. टाकी अजून घेतली नसेल तर भोक पाडूनच घ्या, काचवाला डायमंड होलसॉने पाडून देतो. फक्त काच टफन्ड नाही ना ते आधी विचारा, टफन्डला ड्रिल लागला की हातात चुरा येतो. फिटिंग सगळी प्लास्टिकची. पितळेचा कॉक, तांब्याची नळी, काहीही नको, तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, शंख, कोरल जातात आणि तुम्ही महिनाभर कारण शोधत बसता.

रिटर्न पंप विकत, यात चर्चाच नाही. तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी पुरे, म्हणजे या टाकीला ७०० लिटरच्या आसपास, पण डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट वर चढवताना लहान पंप निम्म्यावर येतात, म्हणून खोक्यामागचा उंचीचा तक्ता बघूनच घ्या. आणि वॅट बघा. २० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट, ४० चा घेतलात तर दुप्पट, आणि हे बिल दर महिन्याला येतं, पंपाची किंमत एकदाच.

आता स्किमर. काम समजून घ्या म्हणजे निर्णय सोपा जातो. माशांची घाण, उरलेलं खाणं यातले सेंद्रिय पदार्थ बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि एकमेकांत लवकर मिसळत नाहीत म्हणून घट्ट फेस तयार होतो, तो वर चढून कपात पडतो. समुद्रकिनाऱ्यावर लाटेच्या टोकाला पिवळट फेस दिसतो ना, तेच. नायट्रेट बनण्याआधीच घाण बाहेर, ही याची खरी कमाई.

मी बनवलेला स्किमर हवेवर चालणारा होता. उभा पीव्हीसी पाइप, तळाशी हवेचे बारीक बुडबुडे काढणारा लाकडी एअर डिफ्यूझर, साधा एअर पंप, वर बिसलेरीच्या बाटलीचं उलटं नरडं आणि त्याभोवती कप. चालला का? चालला. तिसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखं पाणी निघालं आणि मी ते अख्ख्या घराला हुंगायला लावलं. पण लाकडी डिफ्यूझर तीन-चार आठवड्यांत तुंबतो, बुडबुडे मोठे होतात, फेस बसतो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा आठवडा गेलेला असतो. हवा थोडी जास्त झाली की कप भरून वाहतो, पाण्याची पातळी दोन सेंटिमीटर हलली की परत सेटिंग. वर्षभर मी त्या पाइपचा नोकर होतो.

विकतच्या स्किमरमध्ये सुयांच्या चाकाचा पंप असतो, तो हवेचे अगदी बारीक तुकडे करतो, आणि ते चाक घरी नीट बनत नाही. काही जण साध्या पंपाच्या पात्यांवर जाळी चिकटवून बनवतात, जमतंही, पण पंप गरम होतो, आवाज करतो. म्हणून माझा सल्ला, १०० लिटरच्या आत टाकी असेल तर स्किमरच नको, आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, स्वस्त पडेल. त्याच्या वर असेल तर विकत घ्या, सेकंडहँड चालेल, पण घेण्याआधी पंप चालवून बघा. घरचा बनवायचाच असेल तर तो मजेसाठी बनवा, त्याच्या भरवशावर महागडा मासा आणू नका. आणि नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे नीट फेस काढत नाही, दुकानदाराला फोन करून शिव्या देऊ नका. तेलकट हात पाण्यात घातलात तरी फेस काही तास बसतो.

स्किमरला घरगुती पर्याय हवा असेल तर तो अल्गी स्क्रबर, आणि मला विचाराल तर घरी बनवण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट हीच. मूळ कल्पना अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांची, १९८० च्या सुमाराची. एका खरखरीत जाळीवरून पाण्याचा पडदा सोडायचा, वर लाइट मारायचा, शेवाळ टाकीऐवजी तिथे उगवतं आणि नायट्रेट-फॉस्फेट खातं, आठवड्याला ते खरवडून फेकायचं. जाळी म्हणजे भरतकामाचा प्लास्टिक कॅनव्हास, करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी काटे येईपर्यंत घासायचा. वर पीव्हीसी पाइपला ३ मिलिमीटरची चीर, त्यात जाळीची कड. दिवसाला गोठवलेल्या खाण्याचा एक क्यूब टाकत असाल तर १२ चौरस इंच जाळी, दोन्ही बाजूंनी उजेड, एवढं चालतं. रुंदीच्या दर इंचाला तासाला १३० लिटर पाणी. भाच्यासाठी ४ बाय ३ इंच पुरे, म्हणजे ५२० लिटरचा प्रवाह. लाइट लाल एलईडी, ६६० नॅनोमीटरचे, झाडांसाठी मिळतात ते.

दोघांची तुलना करायची तर स्किमर पहिल्या महिन्यात कामाला लागतो, स्क्रबरला शेवाळ धरायलाच तीन-चार आठवडे लागतात. स्किमर आवाज करतो, स्क्रबर पाणी उडवतो आणि आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीवर मीठ बसवतो. स्किमर घाण बाहेर काढतो पण नायट्रेट झाल्यावर त्याचा उपयोग नाही, स्क्रबर नेमकं झालेलं नायट्रेट खातो. खर्चात स्क्रबर सहज जिंकतो. पण तो दर आठवड्याला हात मागतो, आणि तुम्ही महिनाभर गावी जाणारे असाल तर शेवाळ जाड होऊन आतलं मरतं, सुटतं आणि सगळं परत पाण्यात. नोकरीत सारखे दौरे असतील तर स्किमर, घरात राहणारा माणूस असेल तर स्क्रबर. माझ्याकडे दोन्ही आहेत, पण स्किमर मी दिवाळीच्या बोनसवर घेतलाय.

कार्बनचा रिअ‍ॅक्टर, म्हणजे कार्बन भरलेला डबा ज्यातून पाणी फिरवतात, तो मात्र विकत घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. घरच्या आरओचं १० इंची पारदर्शक हाउसिंग काही शे रुपयांत मिळतं, आत एक पाइप आणि स्पंजच्या दोन चकत्या घातल्या की झालं. आरओचा विषय निघालाच आहे तर, टाकीत घालायचं पाणी आरओचंच घ्या पण घरच्या मशीनला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, तो बंद करा आणि मिनरलचा कार्ट्रिज बायपास करा. आणि हो, 'समुद्र एवढा जवळ आहे, पाणी तिथूनच आणतो की' असं कोणीतरी म्हणतंच. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी तुम्ही बघितलंय ना? वर पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. मीठ विकतच घ्या, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, टाकीच्या १८० लिटरला सव्वासहा किलोच्या आसपास.

दगडाबद्दल एकच. परदेशी व्हिडिओत लाइव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया आणि जीव वस्तीला असलेला समुद्रातला दगड, आणि स्किमर एवढ्यावर टाकी चालवतात, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, किनाऱ्यावरून तुकडा उचलणंही गुन्हा, त्यामुळे कोरडा कृत्रिम दगड किंवा सिरॅमिक घ्या आणि बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे द्या. संपात जागा उरली असेल तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या टाका, साबण नसलेल्या, तारेच्या नाही. बॅक्टेरियाला ब्रँड कळत नाही. क्लाउनफिशही समुद्रातून पकडलेला नको, हॅचरीतला मागा, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय.

भाच्याने शेवटी यादी केली ती अशी: संप, स्क्रबर आणि रिअ‍ॅक्टर घरचे, पंप विकतचा, स्किमर पुढच्या वर्षी. मी त्यात दोन ओळी वाढवल्या. एक, बोर्डावर ३० मिलिअँपचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबेल अशी सोडायची, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडतो. दुसरी, मासा आणायच्या आधी, मीठ टाकायच्याही आधी, नुसतं नळाचं पाणी भरून सगळं चालू करायचं आणि पंपाचं बटण बंद करायचं. संपाच्या बाहेरून मार्करने रेघ मारायची, पाणी चढून थांबतं कुठे ते बघायचं. हे दहा वेळा करायचं, आणि खालच्या मजल्यावर कोण राहतं ते माहीत नसेल तर अकरा वेळा.