वीस गोळ्यांचं मॅगझिन : ‘कॉम्बॅट!’चा डीव्हीडी संच

मराठा लाइट इन्फंट्रीत २२ वर्षं काढली, त्यातली बरीच एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. त्यामुळे लढाईची मालिका लागली की माझी नजर आधी माणसाच्या हातातल्या हत्याराकडे जाते. ‘कॉम्बॅट!’ अमेरिकेत १९६२ ते १९६७ चालली. १५२ भाग, शेवटचा हंगाम सोडला तर सगळी कृष्णधवल. १९४४ सालचा फ्रान्स आणि अमेरिकन पायदळाचा एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी. बेळगावात संच कुठं मिळाला नाही म्हणून मुलानं ऑनलाइन मागवला. एक तबकडी चरे पडलेली निघाली आणि विकणाऱ्यानं ती शेवटपर्यंत बदलून दिली नाही, याचा राग आहे.

मालिका मात्र मनापासून आवडली. इथं ज्याचं हत्यार त्याच्याच हातात राहतं. लेफ्टनंट हॅन्लीकडे हलकी कार्बाइन, बाकीच्या जवानांकडे आठ गोळ्यांची गॅरंड रायफल, कर्बी नावाच्या जवानाकडे बीएआर, म्हणजे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल. ही बीएआर जवळपास नऊ किलोची, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, खालून लागणारं, तेही वीसच राउंडचं, म्हणजे वीस गोळ्यांचं. आमच्या ब्रेन या एलएमजीचं मॅगझिन वरून बसायचं, तीस राउंडचं. आडवं पडून मारताना ते जमिनीला टेकत नाही आणि शेजारचा मदतनीस जवान, ‘नंबर दोन’, हात लांब करून ते बदलतो. नळी तापली की ब्रेनची काढून दुसरी लावायची, बीएआरला ती सोय नाही. कर्बी लांबलचक बर्स्ट, म्हणजे सलग गोळ्या, मारायला लागला की माझा जीव त्या नळीत अडकतो.

सेक्शनचा म्होरक्या सार्जंट साँडर्स याची टॉमी गन, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन, जुन्या घाटाची, एम१९२८ए१. कॉकिंगची मूठ माथ्यावर आहे, पुढच्या एम१ए१ला ती उजवीकडे गेली. मिनिटाला सहाशे-सातशे राउंडचा वेग. चाप दाबून धरला तर वीसचं मॅगझिन दोन सेकंदांत रिकामं. सातवीतला नातू शेजारी बसून मोजत होता. म्हणाला, “आबा, याच्या गोळ्या संपत न्हाईत काय ओ?”

मालिकेचा खरा दोष पोरानं बरोबर धरला. मी लॅपटॉप थांबवला आणि त्याला नाईक यशवंत घाडगे यांची हकिकत सांगितली. आमच्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. सेक्शनचे बाकी सगळे पडलेले. घाडगे एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावले. ग्रेनेडनं गन बंद पाडली, टॉमी गननं एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. त्याच मोर्चात त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या, ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

रंगरूट असताना ही गोष्ट मी परेड ग्राउंडवर उभा राहून ऐकली होती. नातवानं दोन्ही हात पुढं करून विचारलं, “नळी तापलेली असणार की ओ, धरली कशी?”

आता मी आतल्या खोलीत असलो आणि साँडर्स मॅगझिन बदलायला लागला की तो लॅपटॉप थांबवून मला हाक मारतो.