केबल भंगारासाठी ताशी 200 किलोचा ड्राय ग्रॅन्युलेटर: घ्या, पण डेमोवर विसंबू नका

केबलचे बारीक तुकडे करून तांबं आणि प्लास्टिक पाण्याशिवाय वेगळं करणारं हे मशीन. तांब्याच्या रिसायकलिंग प्लांटमध्ये पहिली मोठी खरेदी बहुधा याचीच असते. क्रशर, बारीक कापणारी पाती, खाली जाळी आणि शेवटी हवेवर चालणारं हलतं टेबल. तांब्याची घनता 8.96 ग्रॅम प्रति घनसेंमी, तारेवरच्या पीव्हीसी प्लास्टिकची साधारण 1.4. टेबलाचा सगळा खेळ या फरकावर.

घरगुती वायरिंगच्या तारेवर मशीन छान चालतं, दाणे स्वच्छ पडतात. विक्रेते डेमोलाही नेमकी तीच तार घालतात. खरी परीक्षा केसासारख्या बारीक तारांच्या फ्लेक्सिबल वायरची. ते तुकडे इतके हलके होतात की हवेबरोबर प्लास्टिकमध्ये जातात. जाळी बारीक केली तर उत्पादन घटतं, पाती तापतात आणि मऊ झालेलं पीव्हीसी दाण्यांना चिकटतं.

म्हणून स्वतःचं 50 किलो भंगार घेऊन जा. त्यातली एकेक मीटर तार हाताने सोलून तांबं किती निघायला हवं ते आधी काढा, 1.5 चौरस मिमीच्या तारेत मीटरला सुमारे 13.4 ग्रॅम असतं. मग दाणे, प्लास्टिक आणि धूळ तिन्ही तोला, बेरीज 50 च्या आसपास यायला हवी. प्लास्टिकमधलं किलोभर घमेल्यात घेऊन तांदूळ रोवळतात तसं पाण्यात रोवळा. तांबं तळाशी राहील, ते सुकवून तोला. भंगारात 40 टक्के प्लास्टिक धरलं आणि त्यात 2 टक्के तांबं निसटलं, तर आठ तासांच्या पाळीत जवळजवळ 13 किलो तांबं कचऱ्यात गेलं. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

टेबलाचा उतार, कंप आणि हवा यांतली एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही. पावसाळ्यात ओला माल घालू नका, धुळीचे गोळे होऊन टेबल चालेनासं होतं. आर्मर्ड केबलची पोलादी पट्टी आधी काढा, नाहीतर पात्यांचे तुकडे पडतील. जाड केबलला हे मशीन लागतच नाही. सोलणी मशीन स्वस्त पडतं आणि अखंड तारेला भावही जास्त मिळतो. जेली भरलेली टेलिफोन केबल तर यात घालूच नका.

धूळ ही सर्वांत कमकुवत बाजू. कमी किमतीच्या मॉडेलबरोबर नुसता सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जाड धूळ खाली पाडणारं नळकांडं, देतात. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं असतात, त्यामुळे बारीक धूळ कापडी पिशव्यांत अडवणारा बॅग फिल्टर हवाच.

‘केबल जाळत नाही, मग परवानगी कशाला’ हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकू नका. पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती हातात आल्याशिवाय मशीनची आगाऊ रक्कम देऊ नका. ऑर्डरमध्ये पात्यांचा एक जादा संच आणि दोन मापांच्या जाळ्या लिहून घ्या.