सोलरच्या पाइपावरची काळी फोमची नळी: वर्षभरानंतर

काल पहाटे गच्चीवर गेलो तर आठपैकी तीन नळ्या पोट फाडून लोंबत होत्या, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या डिसेंबरात घेतल्या. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बर्फ पडला तरी पाइप फुटणार नाही." पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, पाइप फुटतो तो त्यानं. पण त्यासाठी पारा शून्याखाली जाऊन तिथंच ठिय्या मारून बसायला हवा. तोरणमाळला दवबिंदू गोठतात, हे खरं. आमच्या धुळ्यात पारा पाच-सहावर आला की त्याचीच पेपरात बातमी. मला फक्त सोलरचं पाणी मोरीपर्यंत गरम यायला हवं होतं. अंतर 14 मीटर, पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप. 6 फुटी आठ नळ्या, 120 ला एक, 960 रुपये.

पहिला आठवडा शिव्या घालण्यात गेला. पहाटे साडेपाचला आप्पांचा पहिला नंबर, आणि आधीसारखंच साडेतीन लिटर गार पाणी सोडावं लागायचं. मापाच्या डब्यानं मोजलंय. मग डोक्यात उजेड पडला: फोम पाणी तापवत नाही, फक्त सावकाश निवू देतो. रात्रभर थांबलेलं पाणी निवणारच. पण आप्पांनंतर अर्ध्या तासानं मी जातो, तेव्हा आधी दोन-तीन तांबे वाया जायचे. आता नळ सोडला की ऊन पाणी. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथं दोन तांबेही मोजले जातात. शिव्या परत घेतल्या.

त्या शिवणीबद्दलच्या मात्र नाही. नळी पाइपावर चढवायला लांबीनं चिरलेली असते आणि ती चीर चिकटपट्टीनं बंद करतात. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ती पट्टी गुळासारखी पाघळली, फोम कडक होऊन हाताला काळी भुकटी लागायला लागली. पावसाळ्यात फटीतून पाणी आत शिरून बसलं. दुकानदाराकडे गेलो तर म्हणे, "उघड्या उन्हात वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळावी लागते." विकताना का नाही सांगितलं? सोलर काय माजघरात बसवतात?

टेपचे दोन रोल, 360 रुपये, वेगळे. रविवारी गुंडाळीन. बायको म्हणते, त्यापेक्षा बारदान बांधा.

आणि हो, फाटलेल्या नळ्यांचा फोम खार ओढून नेतेय. टाकीच्या स्टँडखाली तिचं घर झालंय, एकदम गुबगुबीत.