प्रागमधली हजाराची नोट

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं कॅशवर बसले. नोट डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांना कळायचं, खरी की खोटी. त्याच हातांनी मे २०२३ मध्ये प्रागला, रस्त्यावर उभ्या माणसाला मी २०० युरो मोजून दिले आणि बदल्यात जवळजवळ रद्दी घेऊन आले. घरच्यांशिवाय हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पण अलीकडेच आमच्या ओळखीतलं एक जोडपं तिथून अगदी तसंच फसून आलं, आणि तेही लाजेनं गप्प बसले होते. मी आधी बोलले असते तर त्यांचे पैसे वाचले असते, हे मनातून जात नाही. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते.

आमची मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला नोकरी करते. तिथून प्राग रेल्वेने साधारण अडीच तासांवर. गाडी बराच वेळ एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते, खिडकीतून नजर हटत नाही. मुलीला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो, दोन रात्रींसाठी. प्राग ज्या देशाची राजधानी, तो चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण चलन अजून त्यांचं स्वतःचं, कोरुना. हे ऐकून माहीत होतं. पण त्या दिवशी एका युरोला किती कोरुना मिळतात, हे मी बघून निघाले नाही. माझी पहिली चूक तिथेच झाली, घरातून निघतानाच.

पहिला दिवस फार सुंदर गेला. जुन्या गावातल्या मोठ्या चौकात टाउन हॉलच्या पायाशी फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसवलेले आहेत. १६२१ साली राजाविरुद्धच्या बंडातल्या २७ जणांना तिथे मृत्युदंड दिला, त्यांची ती खूण. लोक नकळत त्यावरून चालत होते, ह्यांनी मात्र वळसा घातला. मग चार्ल्स पूल. १३५७ साली त्याची पायाभरणी झाली, आणि दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं आहेत. त्यातल्या संत जॉन नेपोमुक यांच्या पुतळ्याखालच्या पाट्या लोकांनी हात लावून लावून इतक्या उजळल्यात की देवळातल्या पितळी उंबऱ्याची आठवण झाली. मीही हात लावला. ह्यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून मध्ये दोनदा बसलो. पण दिवस मावळेपर्यंत आम्ही पुलावरच होतो.

रात्री नऊच्या सुमारास पेन्शनकडे, म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या छोट्या गेस्ट हाऊसकडे, परत निघालो. तिथल्या बाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं की शहराचा मुक्काम-कर, माणशी रात्रीला ५० कोरुना, रोख द्यावा लागेल. आमच्याजवळ रोख होती ती सगळी युरोत. वेन्सेस्लास चौकाच्या खालच्या टोकाला एक मनी एक्स्चेंज उघडं दिसलं. बाहेर मोठ्या अक्षरांत '०% कमिशन'. मी खिडकीशी जाऊन भाव विचारला, तर एका युरोला १९ कोरुना. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, तेवीसच्या पुढे आहे, तिथे अजिबात नको घेऊस." मी मागे फिरले.

तो माणूस तिथेच उभा होता. चाळिशीचा असेल, नीटनेटका, हातात दुकानातली भाजीची पिशवी. घरी जाता जाता थांबल्यासारखा. म्हणाला, "तिथे देऊ नका, ते पर्यटकांना लुटतात. मला उद्या व्हिएन्नाला जायचंय, युरो हवेच आहेत. मी २५ देतो." खिडकीतला भाव किती वाईट आहे हे मी आत्ताच स्वतः बघितलं होतं. त्यामुळे तो खरंच बोलतोय असं वाटलं, आणि त्याचं ते वाक्य खरं होतंही. त्याच्यावर विश्वास बसला तो त्या एका खऱ्या वाक्यामुळे. तेवीस-साडेतेवीसचा माल कुणी पंचवीसला का घेईल, हा प्रश्न बँकेत मी कुणालाही विचारला असता. तिथे विचारला नाही.

२०० युरोचे ५००० कोरुना ठरले. त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, वरची हजाराची माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बघा, उजेडात धरा." मी धरली. जलचिन्ह होतं, धागा होता, कागद करकरीत होता. ती नोट खरी होती, आणि शंभर टक्के खरी होती. ती परत घेऊन त्याने माझ्यासमोर मोजल्या: एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक नोटेचं चित्र त्याच्या अंगठ्याखाली झाकलेलं, कोपऱ्यातला १००० चा आकडा तेवढा दिसत होता. मी युरो दिले. तेवढ्यात समोरून एक जण चालत आला आणि न थांबताच हलक्या आवाजात "पोलीस" म्हणून पुढे गेला. ह्या माणसाने नोटांची घडी माझ्या तळहातावर ठेवली, स्वतःच्या हाताने माझी बोटं त्यावर मिटली आणि म्हणाला, "पर्समध्ये ठेवा, लवकर." मी ठेवली. वळून पाहिलं तर तो नव्हता.

दुमडलेली गड्डी कॅशियर कधीच घेत नाही. उलगडून, सगळ्या नोटा एका बाजूने लावून, स्वतः मोजून मगच खणात टाकायची. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पण काउंटरच्या आत बसलं की मागे बँक असते, समोर काच असते, घाई ग्राहकाला असते. त्या रस्त्यावर घाई मला होती. परक्या गावात "पोलीस" हा शब्द ऐकल्यावर आपणच काही गुन्हा करतोय अशी भीती वाटली, आणि ती भीती त्यांनी ठरवून घातली होती.

पेन्शनमध्ये बाईंना कराचे २०० द्यायला वरची नोट काढली. त्यांनी घेतली, ८०० परत दिले. ह्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली. दुसऱ्या दिवशी किल्ल्याकडे जाताना सार्वजनिक स्वच्छतागृह, कॉफी, पाणी असं त्याच सुट्ट्यांतून चाललं होतं. दुपारी माला स्त्राना भागात, नदीच्या त्या काठाला, एका छोट्या किराणा दुकानात केळी, दही आणि ब्रेड घेतला आणि पहिल्यांदाच दुसरी नोट काढून गल्ल्यावरच्या मुलीला दिली.

तिने नोट हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता गल्ल्यातून हजाराची एक नोट काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तिची जांभळट, माझी निळी. तिच्या नोटेवर इतिहासकार पालात्स्की यांचं चित्र, माझ्या नोटेवर डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला, लांब केसांचा एक राजा. तिच्या नोटेवर 'चेस्का नारोद्नी बांका' लिहिलेलं, माझ्या नोटेवर 'मॉज्यॉर नेम्झेती बाँक'. तिने बोट ठेवून सांगितलं, "हंगेरी. फोरिंट." त्या वेळी एका युरोला साधारण ३७० फोरिंट मिळत. म्हणजे मी ४० युरोच्या वर किंमत समजत होते ती एकेक नोट तीन युरोचीही नव्हती. पर्समधल्या उरलेल्या तिन्ही तशाच. पाचांतली एक खरी, चार हंगेरीच्या. १४५ युरोच्या पुढे नुकसान, तेव्हाच्या भावाने आपले तेरा हजार रुपये.

ती मुलगी विशी-बाविशीची असेल. रांगेत माणसं थांबलेली असतानाही तिने मला तो फरक नीट दाखवला, ओरडली नाही, नोट खोटी म्हणून माझ्यावर संशय घेतला नाही. केळी-दह्याचे पैसे आम्ही कार्डाने दिले. ती "सॉरी" म्हणाली, जणू चूक तिच्या गावाची म्हणून तिचीही. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी तक्रार लिहून घेतली, शिक्क्याची प्रत दिली, वागणूक चांगली होती. पण माणसाचं नाव नाही, पावती नाही, दुकान नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

एक गोष्ट मला नंतर कळली, आणि तिचीच हळहळ जास्त वाटते. ज्या खिडकीतून १९ चा भाव ऐकून मी मागे फिरले, तिथे मी पैसे बदलले असते तर कायदा माझ्या बाजूने होता. चेक प्रजासत्ताकात १ एप्रिल २०१९ पासून असा नियम आहे की परवानाधारक मनी एक्स्चेंजमध्ये केलेला व्यवहार, १००० युरोपर्यंतचा असेल तर, तीन तासांच्या आत काहीही कारण न देता रद्द करता येतो. पावती घेऊन जायचं, त्यांचे कोरुना परत करायचे आणि आपले युरो मागायचे. ह्या दुकानांवर देखरेख त्यांच्या मध्यवर्ती बँकेची, म्हणजे चेक नॅशनल बँकेची असते. म्हणून पावती फेकू नका आणि हॉटेलवर पोचल्यावर नव्हे, दुकानाच्या दारातच हिशेब करा. रस्त्यावरच्या माणसाला मात्र ह्यातलं काहीच लागू नाही. तिथे तुमच्या हातात कागदाचा कपटाही नसतो.

'०% कमिशन' ह्या पाटीला भुलू नका. कमिशन शून्य ठेवून भावातच कापून घेतात. फळ्यावर दोन रकाने असतात, 'नाकुप' म्हणजे ते घेतात तो भाव आणि 'प्रोदेय' म्हणजे ते विकतात तो. युरो देणाऱ्याने नाकुप बघायचा. पुष्कळदा डोळ्यांत भरेल असा मोठा आकडा दुसऱ्या रकान्यातला असतो. अधिकृत भाव चेक नॅशनल बँक कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी अडीचनंतर जाहीर करते, तो फोनवर सहज दिसतो. आणि खिडकीत पैसे सरकवण्याआधी 'ह्या इतक्या युरोचे हातात किती कोरुना येणार' हे कागदावर लिहून मागा.

एटीएममधून काढायचे तर एखाद्या बँकेच्या शाखेला लागून असलेलं बघा. पडद्यावर 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतात, तिथे नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा. हो म्हटलंत तर भाव ते मशीनवाले लावतात. खरं तर रोख फार लागतच नाही. ट्राममधल्या यंत्राला कार्ड टेकवलं की तिकीट निघतं, किल्ल्याचं तिकीट कार्डाने मिळतं. आमच्या तीन दिवसांत रोखीशिवाय अडलं ते कर आणि स्वच्छतागृह एवढ्यापुरतंच. ५००० कोरुना घ्यायचं काही कारणच नव्हतं, हजारात भागलं असतं.

चौकातल्या हातगाड्यांवर भाजलेल्या हॅमचा भाव १०० ग्रॅमला लिहिलेला असतो आणि कापून देतात चौपट तुकडा, हेही आमच्या पुढच्या रांगेतल्या कुटुंबाच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलं. वजन आधी सांगा. साध्या कपड्यातला कुणी 'मी पोलीस, पाकीट दाखवा' म्हणाला तर पाकीट काढू नका, १५८ ला फोन लावा. तो तिथला पोलिसांचा नंबर, आणि ११२ सगळ्या युरोपात चालतो.

घरातल्या मोठ्यांना एकटं पाठवत असाल तर त्यांच्या फोनमध्ये त्या देशाच्या नोटांचे फोटो टाकून द्या. हजाराची, पाचशेची, दोनशेची. आमच्या मुलीने आता तसे फोटो करून ठेवलेत, पुढच्या प्रत्येक देशासाठी.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी ह्यांनीच आग्रह केला, "अगं, ते घड्याळ बघितल्याशिवाय जायचं नाही." टाउन हॉलच्या भिंतीवरचं ते खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकेक करून पुढून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. दहाच्या ठोक्याला आम्ही गर्दीत उभे होतो. माझे दोन्ही हात पर्सवर घट्ट होते, मागे कोण उभं आहे ते मी बघत होते, डावीकडचा माणूस जवळ का सरकतोय ते बघत होते. टाळ्या वाजल्या, लोक पांगायला लागले. हे हसत म्हणाले, "बघितलंस ना?" मी हो म्हणाले. कोंबडा तेवढा ऐकला होता.