जॉर्ज मायकलवरचा एकच माहितीपट बघायचा तर ‘फ्रीडम’ की ‘व्हॅम!’?

दोन्ही दीड तासाच्या आसपासचे. दोन्हींत ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल स्वतःच्या आवाजात स्वतःबद्दल सांगतो. जुनी चित्रफीतही दोन्हींत भरपूर आहे, त्यामुळे कशात जास्त माल आहे या वादात मी पडत नाही. संध्याकाळ एकच मोकळी आहे आणि नंतर दुसरा बघायचा कंटाळा येणार आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्ही दोन-दोनदा पाहिलेत. त्यातला एक दुसऱ्यांदा बघताना रिमोट सतत हातात होता.

मी आधी ‘फ्रीडम’ पाहिला. तो आवडणारच, असं गृहीत धरून बसलो होतो. त्याच्या ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ या अल्बमची कॅसेट मी इतकी वाजवली होती की दुसऱ्या बाजूचा आवाज शेवटी शेवटी पाण्याखालून आल्यासारखा यायचा. आणि हा माहितीपट नेमका त्याच काळावर: १९८७च्या ‘फेथ’ अल्बमनंतरचा प्रचंड गाजावाजा, १९९०चा तो अल्बम, सोनी या रेकॉर्ड कंपनीविरुद्धचा खटला. दिग्दर्शन खुद्द जॉर्जचं आणि त्याचा जुना मित्र डेव्हिड ऑस्टिन याचं. २०१६च्या ख्रिसमसला जॉर्ज गेला, आणि १६ ऑक्टोबर २०१७ला ब्रिटनच्या चॅनल ४वर हा लागला. गेलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली स्वतःची गोष्ट. आणखी काय पाहिजे?

सुरुवातीला मॉडेल केट मॉस येऊन प्रस्तावना करते. म्हटलं, ठीक आहे, एखादा पाहुणा चालतो. पण पाहुणे येतच राहिले. लियम गॅलाघर, रिकी जर्वेस, जेम्स कॉर्डन, मार्क रॉन्सन, मेरी जे. ब्लाइज, एल्टन जॉन, टोनी बेनेट. बायको मध्येच येऊन बसली आणि दर तीन मिनिटांनी विचारायला लागली, “हा कोण आता?” पहिल्या दोन-तीन वेळा मी उत्साहाने सांगितलं. नंतर नुसतं “आहे एक” म्हणायला लागलो.

नुसते बोलून गेले असते तरी मी सोडून दिलं असतं. पण त्यांना तबकडी ऐकायला बसवलंय. रेकॉर्ड फिरतेय, जॉर्जचा आवाज वर चढायला लागतो, आपण सावरून बसतो, आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर कुणाचा तरी डोळे मिटलेला, मान डोलावणारा चेहरा. मैफलीत पहिल्या रांगेत बसून समेच्या आधीच मोठ्याने “क्या बात है” म्हणणारा एक माणूस असतो ना, तसा. इथे तसल्यांची अख्खी रांग आहे. घड्याळ लावून काही मोजलं नाही, पण त्या अल्बममधलं एकही गाणं मुखड्यापासून शेवटापर्यंत निवांत ऐकल्याचं मला आठवत नाही. ज्या आवाजासाठी टीव्ही लावला, तो आवाज कसा आहे हे दुसरेच सांगत राहतात.

यात अपवाद एकच, स्टीव्ही वंडर. ‘दे वोन्ट गो व्हेन आय गो’ हे मुळात त्याचं गाणं, जॉर्जने ते या अल्बममध्ये पुन्हा गायलं. त्यामुळे त्याच्या ऐकण्याला काही अर्थ आहे. बाकीच्यांचं ऐकणं आपण कशाला बघायचं?

हा त्रास इतका का झाला, ते मला दोन दिवसांनी उमगलं. जॉर्जचं तेव्हाचं सगळं भांडणच चेहऱ्यावरून होतं. ‘फेथ’मधलं चामडी जॅकेट, गॉगल, खुरटी दाढी या अवताराचा त्याला वीट आला होता आणि संगीत त्याशिवाय चालावं असं त्याचं म्हणणं होतं. ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’च्या मुखपृष्ठावर तो नाहीच. तिथे वीजी या छायाचित्रकाराने १९४०मध्ये काढलेला कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरच्या तोबा गर्दीचा फोटो आहे. ‘फ्रीडम! ’९०’च्या व्हिडिओतही तो नाही. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने त्याच्याऐवजी नाओमी कॅम्बेल, लिंडा इव्हँजलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड, क्रिस्टी टर्लिंग्टन आणि तात्याना पाटित्झ या सुपरमॉडेल्सच्या ओठांवर ते गाणं दिलं, आणि ते जॅकेट पेटवून दिलं. ती खोड होती, चिमटा होता, म्हणून आजही मजा येते. तोच माणूस पंचवीसेक वर्षांनी स्वतःवरच्या माहितीपटात नामवंतांचे चेहरे ओळीने बसवतो, आणि या वेळी चिमटा वगैरे काही नाही, नुसती स्तुती. त्यात अल्बमची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरला बाजारात आली. हे कळल्यावर ते तबकडी ऐकण्याचे प्रसंग मला पुन्हा पहिल्यासारखे बघवले नाहीत.

सोनीच्या खटल्याबद्दलही तसंच. कराराने आपल्याला बांधून ठेवलंय, हे त्याचं म्हणणं. जून १९९४मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. दिग्दर्शक तोच, फिर्यादीही तोच, त्यामुळे तराजू कुणीकडे झुकणार हे पहिल्या मिनिटालाच कळतं. कोर्टकचेरीत आणि करारांच्या भानगडीत रस असेल तर मात्र तुम्हाला हा भाग माझ्यापेक्षा जास्त आवडेल. नंतरच्या वर्षांवर, तब्येतीवर, अटकांवर फारसं काही नाही. त्याने जे झाकलं ते झाकलेलंच राहिलं.

आता दुसरा. ‘व्हॅम!’ २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर आला, दिग्दर्शक क्रिस स्मिथ. हा मी फारशा अपेक्षा न ठेवता लावला. खरं सांगायचं तर व्हॅम!, म्हणजे जॉर्ज आणि त्याचा मित्र अँड्र्यू रिजली यांची पॉप जोडी, हा माझ्या लेखी जॉर्जचा पोरकट काळ. केस फुगवलेले, पांढऱ्या चड्ड्या घालून उड्या मारणारे दोन पोरगे. आणि पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की इथे खुर्चीत बसून बोलणारं कुणीच नाही. एकही नाही. जॉर्जचा आवाज, अँड्र्यू रिजलीचा आवाज, आणि पडद्यावर फक्त तो काळ. आजचा म्हातारा झालेला चेहरा दाखवायचा मोह अँड्र्यूच्या बाबतीतसुद्धा आवरलाय.

धागा म्हणून वापरल्यात अँड्र्यूच्या आईने चिकटवलेल्या कात्रणांच्या वह्या. पन्नासच्या आसपास आहेत म्हणे. पानं उलटत जातात, वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं दिसतात, आणि गोष्ट पुढे सरकते. एका आईने पोराच्या कौतुकात केलेला उद्योग, पण त्यामुळे सगळ्याला घरातल्या ट्रंकेसारखा वास येतो. कुणीही कुणाला थोर म्हणत नाही, तरी पोरगं किती थोर होतं हे कळतं.

‘केअरलेस व्हिस्पर’चंच घ्या. सुरुवातीची चाचणी ध्वनिमुद्रणं अँड्र्यूच्या घरच्या दिवाणखान्यात झाली. पुढे जेरी वेक्सलरसारखा नावाजलेला निर्माता, अमेरिकेतला मसल शोल्सचा स्टुडिओ, सगळं थाटामाटात ध्वनिमुद्रण झालं. विशीतल्या जॉर्जने ते ऐकलं आणि नाही म्हणाला. परत इंग्लंडला येऊन त्याने ते स्वतः पुन्हा केलं. त्या पोराचा कान काय होता ते या एका नकारातून कळतं. ‘फ्रीडम’मध्ये हेच सांगायला दहा माणसं लागली असती.

किंवा १९८४ सालचा डिसेंबर. त्या वर्षी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जॉर्जची तीन गाणी झालेली, ‘लास्ट ख्रिसमस’ने चौथी मारायची आणि वर्ष खिशात घालायचं असा त्याचा हिशेब. आडवं आलं बँड एड या गायकांच्या जथ्याचं ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’, आणि त्यात स्वतः जॉर्जही गायलेला! दुष्काळग्रस्तांसाठीचं गाणं वर आहे, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही, आणि तरी मनातून तडफड चाललेली. ती तडफड त्याच्याच आवाजात ऐकू येते. आपल्यातलं थोडं ओशाळवाणं काहीतरी तो कबूल करतोय, हे जाणवतं. ‘फ्रीडम’मध्ये तो इतका सैल बोलतच नाही.

‘व्हॅम!’ही काही धुतल्या तांदळासारखा नाही. गोष्ट २८ जून १९८६च्या, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधल्या निरोपाच्या कार्यक्रमापाशी संपते. ज्याला ‘फेथ’ आणि पुढचं हवंय त्याच्या हाती काही लागत नाही. १९८५चा चीन दौरा मला जरा घाईत उरकल्यासारखा वाटला. बीजिंगच्या प्रेक्षकांनी बसून राहायचं की नाचायचं या गोंधळावर मी अर्धा तास बघितला असता. शिवाय अँड्र्यू इतका समजूतदार दिसतो की शंका यावी. मित्र डोळ्यांसमोर मोठा होत जातो, आपली गरज संपत जाते, आणि याला कधी पोटात दुखलंच नाही? असेलही तसा. पण कात्रणांच्या वह्या त्याच्या घरच्या आहेत, हेही विसरू नये.

आणि ‘फ्रीडम’मधल्या एका भागापुढे ‘व्हॅम!’मधलं काहीच टिकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तो भाग जॉर्जचा प्रियकर अनसेल्मो फेलेपाचा. जानेवारी १९९१मध्ये ब्राझीलमधल्या रॉक इन रिओ या संगीत महोत्सवाच्या वेळी दोघं भेटले, आणि वर्षाच्या आतच अनसेल्मोच्या आजारपणाची शंका आली. त्या वर्षीच्या ख्रिसमसला जॉर्ज आईवडिलांसोबत जेवायला बसलाय, अनसेल्मोची एचआयव्हीची तपासणी झालीय, निकाल यायचाय, आणि टेबलावरच्या माणसांना मुलाचं कुणावर प्रेम आहे हेच ठाऊक नाही. पुढे २० एप्रिल १९९२ला वेम्ब्लीत ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ जॉर्ज ‘समबडी टू लव्ह’ गातो आणि अनसेल्मो त्या गर्दीत उभा आहे. मी ते गायन आधी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. हे कळल्यावर पाहिलं तेव्हा बायकोने काही विचारलं नाही. १९९३च्या मार्चमध्ये अनसेल्मो गेला. हे सांगताना जॉर्जला कुणाच्याही मान डोलावण्याची गरज पडत नाही, आणि म्हणूनच बाकीच्या माहितीपटाचा राग जास्त येतो.

तेव्हा माझं मत विचाराल, तर ‘व्हॅम!’ लावा. तुमची गाणी जर १९९०नंतरचीच असतील, किंवा त्याचं फक्त दुःख समजून घ्यायचं असेल, तर ‘फ्रीडम’ चुकीचा ठरणार नाही. मग २०२२मध्ये चित्रपटगृहांत आलेली ‘फ्रीडम अनकट’ ही वाढवलेली आवृत्ती मिळाली तर ती घ्या. पाहुण्यांचा ताफा तिथेही आहे. मी स्वतः आता ‘फ्रीडम’ लावतो तेव्हा रिओपाशी सुरू करतो आणि वेम्ब्ली झालं की बंद करतो.