देवीचा रोग पुन्हा उद्भवला तर: सरसकट लसीकरण की वलय लसीकरण?

साथीच्या सरावाचा आराखडा लिहिणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीला पेच पडला आहे: देवीचा रुग्ण सापडला, तर साऱ्या शहराला लस टोचावी की फक्त रुग्णाभोवतीच्या माणसांना?

लशीच्या खर्चात फरक प्रचंड आहे. १९७२ साली युगोस्लाव्हियात १७५ रुग्णांपायी सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना लस दिली गेली. वलय पद्धतीत रुग्णाला वेगळे ठेवून त्याच्या संपर्कातल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांनाच टोचतात. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत दिलेली लसही बहुधा आजार टाळते किंवा सौम्य करते, म्हणून हे साधते. जिवंत विषाणू असलेल्या जुन्या लशीचे दुष्परिणामही त्यामुळे मोजक्यांच्याच वाट्याला येतात.

श्रमांचे मात्र उलटे आहे: वलय पद्धतीत आधी रुग्ण शोधून काढावे लागतात. भारतातील देवी निर्मूलन मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात कर्मचारी रुग्णाचे चित्र असलेले कार्ड दाखवत घरोघर आणि बाजारांतून फिरले. रुग्ण कळवणाऱ्यास बक्षीसही होते. रांग लावून टोचणे त्याहून सोपे, हे कबूल करावे लागते.

रुग्ण मोजके आणि शोधपथके तयार असतील, तर वलय पद्धतच घ्यावी. संपर्कांचा माग सुटला असेल, तर त्या भागापुरते सरसकट लसीकरण करावे, पण रुग्णशोध न थांबवता.